टीममध्ये नसलेल्या पोरांचा पीटीचा तास

संपादक साहेब, नमस्कार.

शाळांच्या स्पर्धा झाल्या की तुमच्या पेपरात ट्रॉफी धरलेल्या टीमचा फोटो येतो, सरांचं कौतुक येतं, आणि ते यायलाच पाहिजे, पोरं घाम गाळतात. पण वर्गातून टीममध्ये जाणार चार-पाच जण, बाकीचे पीटीच्या तासाला नेमकं काय करतात हे कुणी जाऊन बघतं का? एक बॉल असतो, दोन कॅप्टन एकेकाला निवडतात, शेवटी कोण उरणार ते सगळ्यांना आधीच माहीत असतं, मग तो उरलेला लांब कुठेतरी उभा राहतो आणि तास संपायची वाट बघतो. नाहीतर तीस जणांची रांग आणि समोर एकच बास्केट, एकेकाच्या हातात बॉल किती वेळा येणार करा हिशोब. त्यात परीक्षा जवळ आली की पहिला तास जातो तो पीटीचाच, पोर्शन राहिलाय म्हणून.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांची रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हावी, आणि आठवड्यातले किमान 3 दिवस जोराचा, हाडं-स्नायू बळकट होतील असा व्यायाम व्हावा. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी 146 देशांची आकडेवारी बघितली तर 2016 साली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं एवढी हालचाल करतच नव्हती, मुलींमध्ये तर 85 टक्के. हाडं भरायचं वय हेच, पुढे जिम लावून ते सगळं भरून निघत नाही.

मुलींना खेळात इंटरेस्टच नाही असं शाळा म्हणते. अहो, कपडे बदलायला धड खोली नाही, पाळीच्या दिवसांत "बरं नाही" एवढंच सांगून बाकावर बसायचं, मग तीच सवय लागते, इंटरेस्ट येणार कुठून?

आणि टीम निवडतात ती तरी गुणांवर का? एकाच वयोगटात एक मुलगा दुसऱ्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असू शकतो, तेराव्या वर्षी एका वर्षात उंची वजन कुठल्या कुठे जातं, काहींची वाढ आधी होते काहींची उशिरा, आणि सरांना वाटतं ह्याच्यात टॅलेंट आहे. कॅनडातल्या आइस हॉकीत हा प्रकार 1980च्या दशकातच लक्षात आला होता, संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली, म्हणजे आपल्या वयोगटात मोठी असलेली पोरंच जास्त भरलेली. उशिरा वाढणारा मात्र तोपर्यंत "आपल्याला जमत नाही" ठरवून मोकळा झालेला असतो.

बास्केटबॉल कसा सुरू झाला बघा. 1891 च्या हिवाळ्यात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाकडे जिममधल्या कवायतीला कंटाळलेला एक वर्ग होता, त्याने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि खेळ सुरू केला. वर्गात 18 जण म्हणून 9-9 च्या दोन टीम, बाकावर कुणीच नाही! पाच-पाचचा नियम नंतरचा.

हे आजही जमण्यासारखं आहे. मैदानाचे तुकडे करून तीन-तीन चार-चार जणांचे छोटे सामने लावा, सगळ्यांना बॉल मिळतो. आऊट झाला की बसायचं असले खेळ कमी करा, कारण ज्याला सरावाची जास्त गरज तोच सगळ्यात आधी बसतो. आणि उशीर झाला मारा मैदानाला दोन राउंड, दंगा केला मारा अजून दोन, हे कृपा करून थांबवा, शिक्षा म्हणून पळवायचं आणि मग पोरांना पळायला आवडत नाही म्हणून तक्रार करायची, कमाल आहे.

बीप टेस्ट, म्हणजे बीप वाजेल तसं दोन रेषांमध्ये पळायचं आणि दर लेव्हलला वेग वाढतो ती चाचणी, घेता तर जरूर घ्या, पण आकडे सगळ्यांसमोर वाचू नका. निकालपत्रकात पीटीपुढे नुसतं ए नाहीतर बी लिहिण्याऐवजी त्या मुलाची वर्षाच्या सुरवातीची लेव्हल आणि शेवटची लेव्हल एवढं लिहा, आम्ही पालक वाचू.

– एक पालक