उन्हाळ्याचे नियम उन्हाळ्याआधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की कार ॲक्सेसरीजच्या दुकानांपुढे गाड्या लागायला सुरुवात होते. सगळ्यांना काचांना फिल्म लावून हवी असते. विदर्भातलं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना त्यात काही गैर वाटणार नाही. मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. एप्रिलमधल्या दुपारच्या बॅचला स्टिअरिंगला हात लावणंही नको होतं. पण याच फिल्मपायी चौकात गाडी बाजूला घ्यावी लागते, चलन फाटतं, फिल्म तिथेच ओरबाडून काढावी लागते आणि लावायला मोजलेले पैसेही बुडतात. माझ्याकडे येणारे बरेच जण सांगतात, "मॅडम, दुकानदार म्हणाला पन्नास टक्केवाली चालते."

ही पन्नास टक्क्यांची भानगड नीट समजून घ्यायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हे माप काचेचं आहे. फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी स्पष्ट आदेश दिला होता: कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा इतर कोणतीही वस्तू काचांवर लावायची नाही. कंपनीतून येतानाच काचेला रंगाची झाक असेल आणि प्रकाशाचं माप पाळलेलं असेल तर हरकत नाही. त्यानंतर नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून त्यात 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, म्हणजे आतल्या बाजूने प्लास्टिक फिल्म असलेली काचही आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच आधारावर सांगितलं की भारतीय मानकात बसणारी आणि प्रकाशाचं माप पाळणारी फिल्म गाडीमालकाने लावली तर दंड करता येणार नाही.

आता सामान्य माणसाने करायचं काय? दुकानदार केरळच्या निकालाचं कात्रण दाखवतो, चौकातला हवालदार २०१२ चा आदेश सांगतो, आणि भर उन्हात गाडीत लेकरं घेऊन बसलेला माणूस दोघांच्या मधे सापडतो. आपल्या रस्त्यांवर नक्की काय चालतं, हे राज्याच्या परिवहन विभागाने लेखी आणि सोप्या मराठीत जाहीर करावं, ही माझी पहिली मागणी. तोवर मी विद्यार्थ्यांना एकच सांगते: फिल्म लावू नका. गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, निघताना तो काढून ठेवा. चारही दारं मिनिटभर उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मगच एसी सुरू करा.

एसीवरून दुसरा नियम आठवला, आणि हा तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. दुकानापुढे गाडी लावायची, इंजिन आणि एसी चालूच ठेवायचा, आत म्हातारी आई किंवा झोपलेलं मूल, आणि आपण "दोन मिनिटांत आलो" म्हणून उतरायचं. उन्हाळ्यात हे सर्रास दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी गाडी उभी करताना चालकाच्या जागेवर लायसन्स असलेला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. ज्या कलमांना वेगळी शिक्षा नेमलेली नाही त्यांना कलम १७७ चा दंड आहे, पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५०० रुपये. दंडाचं एक वेळ सोडा. मागच्या सीटवरचं पोर पुढे येऊन गिअरशी खेळायला किती वेळ लागतो? आणि इंजिन बंद करून त्याला आत ठेवणं हा तर उपायच नव्हे, बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते. मुलाला कडेवर घ्या आणि सोबत न्या.

दुचाकीवाल्यांचं, त्यातही मुलींचं, मला फार जवळून दिसतं. उन्हापासून वाचायला स्टोल किंवा ओढणी डोक्याला, तोंडाला, मानेला घट्ट गुंडाळतात. त्यावर हेल्मेट बसतं, पण हनुवटीखाली कापडाचा एवढा जाड थर येतो की पट्टा लागत नाही. तो तसाच लोंबत राहतो. कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने डोक्याला पक्कं बांधलेलं असावं असं साफ लिहिलं आहे, त्यामुळे सुट्या पट्ट्याचं हेल्मेट कायद्याच्या लेखी न घातल्यासारखंच. केंद्रीय कायद्यात त्याला १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द ठेवण्याची तरतूद आहे. मी मुलींना पातळ सुती कापड घ्यायला लावते आणि त्याची गाठ हनुवटीखाली न मारता मागे मानेवर मारायला शिकवते. मग पट्टा बसतो, 'खट्' आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय मी गाडी सुरू करू देत नाही. हलकं वाटतं म्हणून रस्त्याकडेची टोपीसारखी हेल्मेटं घेणाऱ्यांनीही आयएसआयची खूण पाहूनच घ्यावं.

याउलट नसलेले नियमही उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतात. चप्पल घालून गाडी चालवली म्हणून दंड, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला दंड, असे मेसेज अजून येतात. असा दंड नाही, हे २०१९ मध्येच केंद्रीय परिवहन मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने जाहीर केलं होतं. तरीही कार चालवताना सुटी चप्पल नको, असंच मी सांगते. तसंच पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली. ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. बाटली दाराच्या कप्प्यात ठेवा.

परीक्षा संपल्या की पालक पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन येतात, "सुट्टीत शिकवून टाका" म्हणतात. मी नाही म्हणते. अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर कलम १९९अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ही शिक्षा ऐकल्यावर पालकांचा चेहरा उतरतो. कुणी आधी सांगितलंच नव्हतं, म्हणतात.

सुट्टीत जंगलाच्या रस्त्याने फिरायला जाणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. वाटेत गाडी थांबवून चुलीवर स्वयंपाक करायची हौस पुष्कळांना असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात मनाईच्या काळात आग पेटवणं तर सोडाच, नुसती सोबत नेणंही गुन्हा आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा जळती सोडणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० ने बंद केलं आहे. वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेल्या एका विडीने वणवा लागतो आणि तो विझवायला जाणारे वनमजूर हातात झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन आगीसमोर उभे राहतात. दंडाच्या भीतीपेक्षा ही माणसं डोळ्यांपुढे आणा आणि गाडीतून थोटूक फेकू नका.

माझी दुसरी मागणी आरटीओ आणि वाहतूक शाखेकडे आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात शाळाशाळांतून फलक लागतात. तसेच फलक मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलपंप, टोलनाके आणि फिल्म विकणाऱ्या दुकानांच्या दारात लावावेत. फिल्म विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला नियम छापील दाखवूनच काम हाती घ्यावं, अशी सक्ती व्हावी. आज चलन फाटतं ते गाडीमालकाच्या नावावर, विकणारा मोकळा राहतो. आणि आपल्या दैनिकाने मार्चमध्ये दर रविवारी एक चौकट या नियमांसाठी द्यावी, ही आपणांस विनंती. मजकूर तपासून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपली विश्वासू,
मोटार ट्रेनिंग स्कूलमधील एक प्रशिक्षिका, विदर्भ