रिव्हर्ब टँक शोधायला मदत करणाऱ्या सर्वांचे आभार

जुन्या गिटार अँपचा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) गेला की बहुतेक जण लांबी मोजून नवा टँक, म्हणजे तो परिणाम देणारा स्प्रिंगांचा पत्र्याचा डबा, मागवतात. नुसत्या लांबीवर जाऊ नका, असं ठासून सांगणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. १६.७५ इंची टँक अँपच्या पेटीत चपखल बसेलही, पण इंपीडन्स (सिग्नलच्या एसी प्रवाहाला होणारा विरोध) जुळला नाही तर रिव्हर्ब मलूलच येणार.

सर्वांत मोठं ऋण टँकवरच्या शिक्क्यातला कोड उलगडून दाखवणाऱ्यांचं. ४एबी३सी१बी घ्या. ४ म्हणजे दोन स्प्रिंगांचा लांब टँक, ए म्हणजे इनपुट ८ ओहम, बी म्हणजे आउटपुट २२५० ओहम, ३ म्हणजे जास्त वेळ घुमणारा. सी असेल तर इनपुटचा सॉकेट पत्र्यापासून वेगळा आणि आउटपुटचा ग्राउंड पत्र्याला जोडलेला. इथे गफलत झाली की गुणगुण सुरू. शेवटचा बी म्हणजे टँक आडवा, उघडी बाजू खाली. शिक्का पुसला असेल तर केबल काढून मल्टिमीटर लावा: अशा टँकच्या इनपुटला साधारण १ ओहम, आउटपुटला २०० च्या आसपास. मीटर कॉइलचा डीसी रोध दाखवतो, इंपीडन्स नव्हे, म्हणून आकडे लहान दिसतात.

‘आधी आरसीए केबल (अँप आणि टँक जोडणारी) बदलून बघा’ म्हणणाऱ्यांचे खास आभार. पुष्कळदा टँक ठणठणीतच असतो. कॉइलपासून सॉकेटकडे जाणारी केसासारखी तार तुटते, हे दाखवणाऱ्यांचेही. ती जपून सोल्डर केली की जुनाच टँक वाचतो.

आणि आउटपुटची बाजू पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवायला सुचवणाऱ्यांना मनःपूर्वक धन्यवाद.