परवान्याच्या बंदुकीची चौकशीही व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती वादातून गोळी झाडल्याची बातमी आली की चर्चा देशी कट्ट्याभोवती फिरते. कट्टा कुठून आला, कोणी विकला, याचा छडा लागलाच पाहिजे. पण काटोल-सावनेरकडे रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली बारा बोअर किंवा निवृत्त जवानाची परवान्याची बंदूकही घरातच असते. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. एका बाईचा नवरा भांडण झालं की एक शब्द बोलत नसे, बंदूक काढून तिच्यासमोर पुसत बसे. काडतुसं त्याच कपाटात साड्यांखाली, किल्ली देवघरात, लेकरांनाही ठाऊक. अंगावर वळ नाहीत म्हणून ठाण्यात तिची तक्रार किरकोळ ठरली. ही दहशत नाही तर काय?

परवाना मागताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली. एवढ्या काळात घरात दारू शिरते, वाटणीचा दावा कोर्टात जातो, एखाद्याचं मन इतकं खचतं की त्याच्या हाताशी बंदूक असणं त्याच्याच जिवावर बेतावं. नूतनीकरणापर्यंत हे कोण पाहणार?

निवडणूक लागली की परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतली जातात. मग बायको जिवाच्या भीतीनं ठाण्यात येते तेव्हा अडचण कसली? सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित करण्याचा अधिकार १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम १७ देतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांनुसार न्यायालयाच्या लेखी आदेशावरून संरक्षण अधिकारी हिंसाचारात वापरलेलं शस्त्र जप्तही करू शकतो.

शहरात पोलीस आयुक्तांनी आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांनी एवढं करावं: घरगुती तक्रार नोंदवताना ‘घरात शस्त्र आहे का’ हा प्रश्न सक्तीचा करावा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर परवाना शाखेला त्याच दिवशी कळवावं.

परवानाधारकांनाही कळकळीची विनंती. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या स्वतःजवळ. दसऱ्याला पूजेसाठी काढलेली बंदूक फोटोपुरतीही पोरांच्या हाती देऊ नका. घरात तणाव असेल तर ती काही महिने ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याबाबत परवाना शाखेत विचारा.

– एक समुपदेशक, मानेवाडा, नागपूर