चाकाला हात लावायच्या आधी विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी पाठवलं असतं, तर तुम्ही लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ते एखाद्या पुस्तकात ठेवून दिलं असतं. पण आम्हा पाच जणांना जे म्हणायचंय ते चार लोकांनीही ऐकावं असं वाटलं, म्हणून उघडच लिहितोय. चुका इथंच सुधारा.

तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये आलात ते मिक्सरची मोटर रिवाइंडिंगला टाकायला. कोपऱ्यातलं चाक तुमच्या नजरेला पडलं. फ्लॅटपट्टीचं, पुरुषभर उंचीचं, बारा आऱ्यांचं. प्रत्येक आरीच्या टोकाला बिजागरी, बिजागरीला लोखंडी हातोडी. उतरत्या बाजूला हातोडी बाहेर पडणार, चढत्या बाजूला आत झुकणार, म्हणजे एक बाजू कायम भारी आणि चाक आपलं आपण चालू, असा बेत. फ्रान्समधल्या व्हिलार द ओनकूरच्या तेराव्या शतकातल्या वहीत असंच हातोड्यांचं चाक काढलेलं आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आमचे सुतारदादा केवढे खूश झाले! आपल्या डोक्यातली गोष्ट सातआठशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या डोक्यात होती म्हटल्यावर माणूस एकटा राहत नाही.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या क्षणाबद्दल. तुम्ही चाकापाशी आलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "हात लावला तर चालेल ना?"

बाई, आमच्या त्या चाकाला हात लावू का, असं तोवर कुणीही विचारलं नव्हतं. एका इंजिनीअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आले होते. आम्हीच बोलावलं, रिक्षाचे पैसे दिले, भडंग आणून ठेवलं. त्यांनी बुटाच्या टोकानं चाक ढकललं, थांबेपर्यंत मोबाईल बघितला आणि म्हणाले, "हे आठवीच्या पुस्तकात आहे." आठवीच्या पुस्तकात काय आहे ते मात्र सांगितलं नाही. भडंग संपवून गेले.

दुसरे एक गृहस्थ पेटंट काढून देतो म्हणाले. आगाऊ रक्कम घेतली, आकृत्या घेतल्या, मग फोन उचलेनासे झाले. आमच्यातल्या डिप्लोमाच्या पोरानं नंतर 1970 चा पेटंट कायदा वाचला. कलम 3, त्यातलं पहिलंच पोटकलम: प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोधच धरत नाहीत. ज्याचा धंदाच पेटंटचा, त्याला हे माहीत नव्हतं म्हणायचं? पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं 1775 सालीच असल्या आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे अर्ज बघायचं बंद केलं. त्यांनी दार लावलं, पण निदान खिशात हात तरी घातला नाही.

तिसरी जात कौतुकवाल्यांची. हे तर जास्तच वाईट. चाकाला हार घालून फोटो काढले, "भास्कराचार्यांनी केलेलंच होतं, इंग्रजांनी दाबलं" असं लिहून सगळीकडे फिरवले. एकानंही हातोडीला बोट लावलं नाही. तुम्हाला ते दाखवलं तर तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, सिद्धांतशिरोमणीत, 1150 साली, पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरून आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे, हे खरं. त्याच्या कितीतरी आधी, 628 मध्ये, ब्रह्मगुप्तानंही तसंच चाक सांगितलंय. पण लिहिलंय म्हणजे फिरलं असं नव्हे. "चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं मठ काढला तो त्यांचे ग्रंथ शिकायला. हार घालायला नव्हे. चला, टेप आणा."

चाक थांबतं, हे आम्हाला रोज दिसत होतं हो. त्यासाठी प्राध्यापक कशाला हवा? आमचं हेच चाक का थांबतं, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. "नियम शेवटी सांगते, आधी मोजू" असं म्हणणारं माणूस तुमच्या रूपानं भेटलं.

तुम्ही आसाच्या मधोमध ओळंबा सोडायला लावलात. प्रत्येक हातोडी त्या दोरीपासून आडवी किती लांब, ते पोरगं टेपनं मोजून ओरडत होतं आणि आमचे एस.टी.तले रिटायर मेकॅनिक शटरवर खडूनं लिहीत होते. उजवीकडे आकडे मोठे, पण मोजके. डावीकडे आकडे बारके, पण रांग लांब. आम्ही आजवर उजवीकडचे मोठे आकडेच बघत होतो. हातोड्या सगळ्या एका वजनाच्या, म्हणून नुसती बेरीज पुरे, असं तुम्ही म्हणालात. दोन्हीकडची बेरीज केली तर फरक बोटभर. मेकॅनिक स्वतःच म्हणाले, "एवढं तर बेअरिंगचं ग्रीसच खातंय." मग तुम्ही चाक वीतभर पुढं ढकलून सोडलंत. ते माघारी आलं. "याचा जडपणा एका बाजूला नाही, खाली आहे. त्याला आहे तिथंच बरं वाटतंय."

आणि तो आवाज. हातोडी बाहेर पडताना होणाऱ्या 'खट्' आवाजाचा आम्हाला कोण अभिमान! ते ऐकलं की चाकात जीव आलाय असं वाटायचं. तुम्ही कान देऊन ऐकलंत आणि म्हणालात, "हा आवाज फुकट येत नाही. हातोडी जेवढी खाली येते तेवढीच तिला परत वर न्यायची आहे. हिशेब जेमतेम मिटतोय आणि त्यातून तुम्ही वाजंत्रीचे पैसे देताय." सुतारदादा पोट धरून हसले. आम्हाला सगळे हसून गेले होते, त्यात आमचं आम्हाला हसू आलं ते पहिल्यांदा.

आपोआप फिरणारं चाक केलं म्हणणाऱ्या बेसलरचे मेकॅनिकसाहेब भक्त, ते तुम्ही ओळखलंतच. 1717 साली जर्मनीत कासेलजवळच्या वाड्यात त्याचं बारा फुटी चाक खोलीत बंद करून मोहोर लावली, आठवड्यांनी उघडलं तरी फिरत होतं, ही गोष्ट ते गिऱ्हाइकालासुद्धा सांगतात. त्याच बेसलरनं चाकाचं पोट कायम झाकून ठेवलं, एका डच शास्त्रज्ञानं आस नीट तपासला तर संतापून चाकच फोडून टाकलं, आणि पुढं त्याच्या मोलकरणीनं सांगितलं की शेजारच्या खोलीतून आम्हीच ते हातानं फिरवत होतो. मला त्या बेसलरचं नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं, की त्याचं झाकलेलं चाक बघायला सरदार-दरकदार लोटले आणि आमचं चाक शेडमध्ये उघडं पडलेलं असून कुणी वाकून बघितलं नाही.

शिकलेल्या माणसाबद्दल आमच्या मनात अढी बसली होती, ती तुम्ही काढलीत. माणसं मुळात वाईट नसतात, हे कळतं. पण समोरच्याच्या कामाकडे न बघता मत देण्याची सवय फार लागलीय. ऑफिसात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे तेच. आमच्या गल्लीत एक पोस्टमन होते, आजीचं मनिऑर्डरचं पत्र उभ्या उभ्या वाचून न दाखवता पायरीवर बसून वाचायचे. परवा कित्येक वर्षांनी त्यांची आठवण झाली. अशी माणसं संपलेली नाहीत, फक्त त्यांची गाठ पडायला मोटर जळावी लागते.

मोटर रिवाइंड होऊन तयार आहे. पैसे घेणार नाही, भांडू नका. चाकाच्या हातोड्या काढल्या आणि त्याच स्टँडवर आता गिऱ्हाइकांच्या ब्लोअरचे पंखे ठेवून बॅलन्स करतो. जड बाजू आपसूक खाली येते, तिथं खूण करून घासायचं. उद्यमनगरात हे पूर्वीपासून करतात, पण आमचे बेअरिंग सगळ्यात हलके फिरतात, एवढी पुण्याई त्या चाकाची.

सुतारदादांनी मात्र नवीन आकृती आणलीय. स्प्रिंगची. मी नको म्हणतोय, ते ऐकत नाहीत, "बाईंनी मोजून सांगितलं तर ऐकीन" म्हणतात. रविवारी सकाळी शेड उघडं असतं. मोटर न्यायला याल तेव्हा अर्धा तास जास्तीचा काढून या. चहा बिनसाखरेचा, लक्षात आहे.

आपले,
चाकवाले पाच जण,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर