बूट, तंबू आणि ताया: मुलींच्या दिवाळी शिबिरासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

लालबाग, परळ, काळाचौकी या पट्ट्यात आमचं मंडळ बरीच वर्षं काम करत आलं आहे. गणेशोत्सव, रक्तदान शिबिर, दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका हे आपल्याला माहीत आहेच. त्याच अभ्यासिकेचे बाक भिंतीला लावून दर रविवारी दुपारी तिथे स्काऊट आणि गाईडचं पथक भरतं, हे मात्र शेजारच्या चाळीतल्या लोकांनाही अनेकदा ठाऊक नसतं. हे पथक कुठल्या शाळेचं नाही, वस्तीचं आहे. महापालिकेच्या शाळेतली, खासगी शाळेतली, मराठी माध्यमाची, इंग्रजी माध्यमाची, सगळी मुलं-मुली येतात. येत्या दिवाळीच्या सुट्टीत कर्जतजवळ चार दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं ठरलं आहे. त्यासाठी पैसे हवेत, वस्तू हव्यात आणि सगळ्यात जास्त गरज आहे ती रविवारचे तीन तास देऊ शकणाऱ्या बायकांची.

शिबिर सगळ्यांचंच आहे. पण हे आवाहन आम्ही मुद्दाम मुलींसाठी करतो आहोत, त्याचं कारण सविस्तर सांगायला हवं.

दहा-अकरा वर्षांच्या मुली पथकात मुलांइतक्याच येतात, आणि खरं सांगायचं तर जास्त उत्साहाने येतात. गाठी पटकन शिकतात, शिट्टीच्या खुणा पाठ करतात, लाठ्यांना लाठ्या बांधून बूट ठेवायचं स्टँड करायचं असेल तर हात धुवून मागे लागतात. मग सातवी-आठवीत एकेक गळू लागते. दोन रविवार दिसली नाही की आमची एखादी ताई घरी जाऊन येते. ‘तिला आवडत नाही’ हे उत्तर आम्हाला आजवर कुठल्याही घरातून मिळालेलं नाही. मिळतात ती उत्तरं अशी: परतायला अंधार होतो. धाकट्याला कोण बघणार? क्लासची वेळ बदलली. शिबिरात रात्री कोण बाई असेल? आणि मग दार अर्धवट लोटून, हळू आवाजात, पाळी आली तर तिथे काय करायचं?

मुलीच्या जातीला हे शोभत नाही, असं पूर्वी आई-वडील तोंडावर सांगत. आता तसं कोणी म्हणत नाही. गिरणगावातल्या बहुतेक घरांना मुलीने शिकावं, पोहावं, धावावं, चार गावं बघावीत असं मनापासून वाटतं. त्यांचे प्रश्न साधे आणि रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरं आमच्याकडे असायला हवीत. मुलींना प्रवेश खुला आहे असं फलकावर लिहायला खर्च येत नाही. ती चौदाव्या वर्षीही पथकात राहावी यासाठी मात्र येतो, आणि तो खर्च आपण सगळ्यांनी मिळून उचलावा अशी आमची विनंती आहे.

एक गोष्ट बघा. पावसाळ्याआधी आम्ही मुलांना येऊरच्या जंगलात एक दिवस घेऊन गेलो होतो. दगडांवरून उतरताना मुली सारख्या घसरत होत्या. आधी वाटलं, सवय नाही. मग एका ताईने सगळ्यांना एका ओळीत बसवून पाय पुढे करायला सांगितले. मुलग्यांच्या पायात फुटबॉलचे, कबड्डीचे, नाहीतर मोठ्या भावाचे स्पोर्ट्स शूज होते. बहुतेक मुलींच्या पायात शाळेचे काळे, पट्ट्याचे, गुळगुळीत तळव्याचे बूट होते. दोघींच्या पायात सँडल. मुलगा खेळायला जातो म्हणून त्याला बूट घेतले जातात. मुलगी कुठे जाते, म्हणून तिला नाहीत. घरात कोणी दुजाभाव करायचा म्हणून केलेला नसतो, तो बुटांच्या खरेदीत आपोआप होऊन जातो. म्हणूनच आमच्या मागणीच्या यादीत तंबूच्याही आधी बूट आहेत.

या चळवळीचा इतिहास मुलींना सांगताना आम्ही एक प्रसंग कधी वगळत नाही. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते मुलग्यांचं. दुसऱ्या वर्षी त्यांचं स्काऊटिंगवरचं पुस्तक आलं तेही मुलग्यांसाठी. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच गणवेश जमवून, न बोलावता तिथे हजर झाल्या आणि म्हणाल्या, आम्हीही स्काऊट आहोत. त्यानंतर १९१० मध्ये मुलींसाठी गाईड संघटना निघाली आणि तिची धुरा बेडन-पॉवेल यांच्या बहिणीने, अ‍ॅग्नेस यांनी घेतली. भारतात १९०९ साली बंगळूरला स्काऊटिंग आलं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. भारतीय मुलांना दार बंद होतं. म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासला वेगळी संघटना काढली, १९१८ साली मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची काढली. गाईडचं काम जबलपूरला १९११ मध्येच सुरू झालं होतं. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटना तिच्यात सामील झाली. ज्यांना आधी बाहेर ठेवलं होतं त्यांनी आत येऊन ही चळवळ मोठी केली. आमच्या मुलींना हे कळतं तेव्हा त्या जरा ताठ बसतात.

पालकसभेत एक प्रश्न नेहमी येतो, विशेषतः तरुण पालकांकडून: आजच्या काळात मुलांचं आणि मुलींचं पथक वेगळं कशाला? ब्रिटनच्या स्काऊट संघटनेने १९९१ पासून सगळ्या वयोगटांत मुलींना प्रवेश दिला, अमेरिकेतही २०१९ पासून मुली मुख्य स्काऊट कार्यक्रमात आल्या, मग आपणच मागे का? प्रश्न बरोबर आहे. आम्ही काही महिने सगळं एकत्र घेऊन पाहिलं. बांबूचं फाटक बांधायला दिलं की दहा मिनिटांत दोरी मुलग्यांच्या हातात आणि ‘कात्री आण, पाणी आण’ मुलींकडे. कोणी सांगितलं नव्हतं. मुलग्यांनी दांडगाई केली असंही नाही. घरात जे रोज दिसतं तेच तिथे उभं राहिलं. म्हणून आता मुलींना त्यांचं पथक, त्यांची गाईड कॅप्टन, त्यांच्यातल्याच संघनायिका असं ठेवलं आहे. आधी दोरी पूर्णपणे त्यांच्या हातात येऊ दे, मग महिन्यातला शेवटचा रविवार दोन्ही पथकांचा एकत्र. गेल्या एकत्र रविवारी चौकोनी बांधणी ढिली झाली म्हणून एका संघनायिकेने मुलग्यांकडून फाटक सोडवून पुन्हा बांधून घेतलं. मुलगे कुरकुरले, पण बांधलं. आम्हाला जे हवं आहे ते हे.

शिकायचं काही फक्त मुलींनाच आहे असं नाही. शिबिरात स्वयंपाकाची पाळी संघाप्रमाणे फिरते आणि दोन्ही पथकांचा तक्ता एकच असतो. लाकडं गोळा करणं, चूल मांडणं, भात-आमटी करणं आणि राखेने पातेली घासणं हे ज्याच्या वाट्याला त्या दिवशी आलं त्याने करायचं. मागच्या शिबिरात मुलग्यांच्या पिशव्या उघडल्या तर निम्म्या पिशव्यांत चिवडा, लाडू आणि दशम्या निघाल्या. तेराजणांचा भात मुलगे शिजवणार, म्हणजे आपलं पोर उपाशी राहणार, अशी आयांची खात्री होती. पहिल्या दिवशी भात खरोखर खालून लागला आणि वरून कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी आमटीला फोडणी देताना मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. शर्टाचं बटण लावणं, जखम बांधणं, घरची आठवण येऊन रडणाऱ्या लहान मुलाजवळ बसून राहणं, हेही मुलग्यांना शिकवावं लागतं आणि ते शिकतात. मासिक पाळी म्हणजे काय याचा तास आम्ही दोन्ही पथकांचा घेतो. पहिली पाच मिनिटं खुसखुस होते, मग प्रश्न येतात, आणि चांगले येतात.

आणखी एक लहानशी गोष्ट. आमच्या नोंदणी अर्जावर मुलगा आणि मुलगी या दोन चौकटींशेजारी आता एक तिसरी चौकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. आपल्या दारात येणाऱ्या मुलाला आपण कोण हे अर्जावर सांगता यावं, एवढं तरी वस्तीच्या मंडळाने करायलाच हवं.

व्यवहाराचं बोलायचं तर, या वाटेला पुढे मोलही आहे. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. भारतीय रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते आणि तिथे राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता मागतात. लोकलच्या भरवशावर जगणाऱ्या आपल्या वस्तीत रेल्वेच्या नोकरीचं महत्त्व सांगायला नको. पण या पायऱ्या चढायला शिबिरं करावी लागतात आणि वर्षानुवर्षं टिकावं लागतं. तेराव्या वर्षी जी घरी बसली तिच्यासाठी तो रस्ता तिथेच संपतो.

आता नेमकं काय हवं ते.

मुलींच्या पायाच्या मापाचे, खडबडीत तळव्याचे बूट. नवे नकोतच असं नाही, पण आपल्या मुलीला वर्षभरात लहान झालेले, शिवण न उसवलेले बूट असतील तर धुऊन, वाळवून आणून द्या. साधारण ३ ते ६ नंबर लागतील.

चौघींना पुरेल असे तंबू. आमच्याकडचे दोन जुने तंबू शिवणीतून गळतात. दिवाळीतही पाऊस येतो हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. सोबत एक उंच, चारी बाजूंनी बंद होणारा तंबू हवा. तो पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला, धुवायला. त्यात पाण्याचं पिंप, झाकणाची बादली आणि पॅडचा साठा ठेवू. औषधांच्या दुकानदारांनी पॅडची खोकी दिली तर तो खर्च वाचेल. बॅटऱ्या, दोर, मोठी दोन पातेली आणि प्रथमोपचाराची पेटी यांचंही स्वागत आहे.

रोख मदत. एका मुलीचा चार दिवसांचा प्रवास, जेवण, जागेचं भाडं आणि गणवेश मिळून साधारण २,५०० रुपये धरले आहेत. ज्या घराला जमेल ते स्वतः भरेल, ज्याला जमणार नाही त्या घरातली मुलगी पैशासाठी मागे राहू नये यासाठी आपली देणगी वापरू. कोणाचे पैसे कोणाला दिले हे आम्ही सांगत नाही, मुलींनाही कळू देत नाही. शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि शिबिर झाल्यावर जमाखर्च मंडळाच्या फलकावर लागेल.

आणि ताया. निवासी शिबिरात मुलींबरोबर रात्री राहणारी बाई माणसं नसतील तर आम्ही मुलींना नेणार नाही, ही आमची अट आहे आणि ती आम्ही मोडणार नाही. सध्या दोघी आहेत, दोघी नोकरी करतात आणि दोघींवर सगळा भार आहे. आपण लहानपणी गाईड होता का? एन.सी.सी.त होता का? गिर्यारोहण केलंय? नर्स आहात, शिक्षिका आहात? यातलं काहीच नसेल तरी या, प्रशिक्षणाची व्यवस्था आम्ही करू. रविवारी दुपारी ४ ते ७ आणि शिबिराचे चार दिवस. शेवटच्या मुलीला दारापर्यंत सोडायलाही सोबत लागते. येणाऱ्या ताईंच्या घरच्या मंडळींना एक विनंती: त्या तीन तासांत चहा, पाहुणे, भाजी निवडणं आपण बघा. बायका मिळत नाहीत याचं मोठं कारण रविवारची दुपार हेच आहे. आमच्या पथकातली मुलं या कामात हळूहळू तयार होत आहेत, वडीलधाऱ्यांनाही जमेल.

मदतीतून काही रक्कम उरली तर सोपान पूर्ण करणाऱ्या मुलींना पुण्याला आळंदी रस्त्यावरचं ‘संगम’ दाखवायचं आहे. जगभरच्या गाईडचं हे केंद्र १९६६ साली सुरू झालं, बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलेव्ह यांच्या हस्ते. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात आणि आपल्या मुंबईपासून ते चार तासांवर आहे. आमच्यातल्या एकीनेही ते अजून पाहिलेलं नाही.

मंडळाच्या कार्यालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ७ ते ९ कार्यकर्ते असतात. देणगी रोख, चेकने किंवा कार्यालयातल्या फलकावरच्या क्यूआर कोडवरून संस्थेच्या खात्यात देता येईल. कोणी घरी येऊन पैसे मागितले तर देऊ नका, आम्ही दारोदार वर्गणी काढत नाही. वस्तू घटस्थापनेपर्यंत पोहोचल्या तर बुटांची मापं जुळवून कमी पडणारे विकत घेता येतील. ताई म्हणून येऊ इच्छिणाऱ्यांनी थेट कुठल्याही रविवारी दुपारी चार वाजता अभ्यासिकेत यावं, पथक बघावं, मुलींशी बोलावं आणि मग ठरवावं.

आपले,
मंडळाची कार्यकारिणी आणि पथकातले सर्व ताई-दादा