कौतुकाच्या दिवसांत माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

अडचणीत धावून येणारी माणसं देवाने मला पुष्कळ दिली. सगळं छान चाललेलं असताना माझ्या आत्म्याची काळजी वाहणाऱ्या मात्र तुम्हीच. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण सेवेत नव्याने आलेल्यांनाही तुमची मदत मिळावी असं मनापासून वाटतं.

आमच्या प्रार्थना गटावर देवाने कृपा केली, तो काळ तुम्हांला आठवत असेल. प्रभूपासून दुरावलेले लोक परतत होते, तुटलेली घरं जुळत होती, आणि साक्षींमध्ये माझं नाव येऊ लागलं होतं. तुम्हीही कौतुक केलंत. मग जवळ बसून म्हणालात, "बाळ, एकेकाचं नाव घेऊन देवाचे आभार मानू या." प्रत्येक नावापाशी तुम्ही थांबत होतात. याच्यासाठी याची आई कितीतरी वर्षं गुडघ्यांवर होती, हिला पहिल्यांदा वचन कुणी सांगितलं, त्याला उपासनेला कोण घेऊन यायचं. पौलाने लावलं, त्याच्यासारखाच सेवक असलेल्या अपुल्लोने पाणी घातलं आणि वाढवलं देवाने, हे पौलाने करिंथकरांस लिहिलेलं वचन मला पाठ होतं. त्या प्रार्थनेत ते मला माणसांच्या नावांनिशी दिसलं. माझा आनंद त्याने तसूभरही उणावला नाही, उलट वाढला.

लूकच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय तुम्हीच मला सावकाश वाचायला लावलात. येशूने पाठवलेले सत्तर जण (काही जुन्या हस्तलिखितांत बहात्तर) हर्षाने परत येतात, भुतंही वश होतात म्हणून. प्रभू त्यांना आनंदच करू नका म्हणत नाही; भुतं वश होतात याचा करू नका, म्हणतो. तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद करा, म्हणतो. इथवर सगळेच सांगतात. तुम्ही पुढच्या वचनावर बोट ठेवलंत: त्याच घटकेला येशू स्वतः पवित्र आत्म्यात उल्लसित होऊन पित्याची स्तुती करतो. शिष्यांच्या यशावर पहिली उपकारस्तुती खुद्द प्रभूने केली! त्यानंतर कुठलंही यश माझ्यापाशी ठेवून घ्यावं असं मला वाटलेलं नाही.

यहूदाच्या उज्जीया राजाबद्दलही तुम्ही सांगितलंत. सोळाव्या वर्षी गादीवर आला, ५२ वर्षं राज्य केलं, बुरूज बांधले, विहिरी खोदल्या. समर्थ होईपर्यंत देवाचं अद्भुत साहाय्य, आणि समर्थ झाल्यावर हृदय उन्मत्त. धूप जाळणं हे याजकांचं काम, तरी तो स्वतःच ते करायला मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे ८० याजक आडवे आले, तेव्हा राजाच्या हातात धुपाटणं होतं. मला अडवायची वेळच येऊ नये म्हणून तुम्ही कितीतरी आधी आलात, मावशी.

आणि तुम्ही मला खोटी नम्रता शिकवली नाहीत, याचे आभार वेगळे मानते. "मी कुठे काय केलं" असं म्हणत राहणं तुम्हांला कधी पटलं नाही. पौल सरळ लिहितो की मी सर्वांपेक्षा अधिक श्रम केले, आणि त्याच दमात म्हणतो, मी नव्हे, तर माझ्याबरोबर असलेली देवाची कृपा. श्रम लपवायचे नाहीत, श्रेय ठेवायचं नाही; हा तोल मी तुमच्या जगण्यात रोज पाहिला.

आता गटाची धुरा नव्या मुलींकडे आहे. प्रभू त्यांनाही भरपूर देतो आहे. पुढच्या सभेनंतर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसाल का? मीही येईन.

तुमची ऋणी,
प्रार्थना गटातली तुमची मुलगी