प्रगती मैदानाचा इतिहास मैदानातच दिसावा

महोदय,

दरवर्षी १४ नोव्हेंबर जवळ आला की दिल्लीच्या प्रगती मैदानावरील भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्याच्या बातम्या येऊ लागतात. हा मेळा १९८० साली सुरू झाला. मैदान मात्र त्याआधीचे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, नोव्हेंबर १९७२ मध्ये, पुराण्या किल्ल्यासमोरच्या या जागेवर ‘एशिया ७२’ हे प्रदर्शन भरले आणि त्यासाठीच ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभा राहिला.

वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांची ही निर्मिती. एवढे प्रचंड छत मधल्या एकाही खांबाशिवाय तोलायचे तर पोलादी सांगाडा हा सरळ मार्ग होता. परंतु पोलाद तेव्हा दुर्मीळ आणि महाग असल्याने तोच सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवर साचे बांधून, मजुरांच्या हातांनी ओतला गेला. मी तो १९८६ च्या मेळ्यात पाहिला. तिरप्या दांड्यांच्या त्रिकोणांतून ऊन गाळून जमिनीवर पडले होते, अगदी जुन्या वाड्यातल्या जाळीतून पडावे तसे. आणि हाताशी असलेल्या दांड्यावर साच्याच्या फळ्यांचे वळ स्पष्ट दिसत होते. यंत्रसामग्रीच्या दालनांपेक्षा मला ते वळच अधिक लक्षात राहिले, कारण त्या काळच्या भारतीय उद्योगाची खरी कहाणी त्यांतच होती.

एप्रिल २०१७ मध्ये ही वास्तू एका रात्रीत पाडण्यात आली. वारसा ठरण्यासाठी साठ वर्षांची अट पुढे करण्यात आली. वास्तूचे वय होते पंचेचाळीस. कोणतीही आधुनिक इमारत साठीला पोहोचण्याआधीच पाडता येईल, असा या निकषाचा अर्थ होतो आणि तो मला मुळीच पटत नाही. नव्या सभागृहांची गरज मी नाकारत नाही. २०२३ मध्ये तेथे ‘भारत मंडपम’ सुरू झाले आणि त्याच वर्षी जी-२० परिषदही तेथेच पार पडली.

माझी मागणी मर्यादित आहे. या संकुलात एक कायमस्वरूपी दालन असावे. त्यात १९७२ ची मूळ रेखाचित्रे, बांधकामाची छायाचित्रे, हॉलची मोठ्या प्रमाणावरची प्रतिकृती आणि साचे बांधणाऱ्या कारागिरांच्या कामाची नोंद ठेवावी. मेळ्याला येणाऱ्या शाळकरी मुलांना, आपण उभे आहोत त्या जमिनीवर पूर्वी काय होते, हे तिथल्या तिथे पाहता यावे. संबंधितांनी येत्या मेळ्यापूर्वी याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक